प्रतिसाद: सोसायटीच्या कोजागरीला काय न्यावं?

सोसायटीच्या कोजागरीला साबुदाण्याची खिचडी न्या, ती सगळ्यांना आवडते, असं वर कोणीतरी सुचवलंय. ते खरं आहे, पण ती कढईतून थेट ताटात पडली तरच. गच्चीवर तासभर राहिली की गार होऊन चिवट होते, आणि मग निम्मी परत घरी येते. एकत्र जेवणाला पदार्थ निवडताना मी आधी एवढंच बघते की तो गार झाल्यावर कसा लागतो.

म्हणून आमच्याकडून कायम दहीभात जातो. संपूर्ण दही घातलं तर रात्रीपर्यंत आंबट होतो, त्यामुळे भात कालवायचा तो दुधात. एक किलो तांदळाचा भात मऊसर शिजवायचा, कोमट असतानाच घोटायचा आणि त्यात दोन-अडीच लिटर कोमट दूध नि तीन-चार चमचेच दही घालायचं. दुपारी तीनला कालवला की आठपर्यंत भातातच दही लागतं, गोडसर आणि घट्ट. मीठ अगदी वाढायच्या आधी. फोडणी तुपाची, जिरं-हिंग-कढीपत्ता. तळून चुरलेली सांडगी मिरची वेगळ्या वाटीत, म्हणजे लहान मुलंही पोटभर खातात. आलं मुद्दाम घालत नाही, कारण आमच्या मजल्यावरची जैन कुटुंबं कंदमुळं खात नाहीत. पहिल्या वर्षी मी सवयीने आलं किसून घातलं होतं आणि शेजारच्या काकू नुसती पोळी खाऊन उठल्या. ते अजून मनाला लागून आहे.