एपिजेनेटिक्समध्ये पोस्टडॉक: कुठे, कोणाकडे आणि कशाच्या जोरावर?

कोशिका:
नमस्कार मंडळी. पुण्यात पीएचडी संपत आलीय, दिवाळीच्या आत थिसिस जमा करायचा आणि मग पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची काही वर्षांची संशोधनाची नोकरी, शोधायचा विचार आहे. काम उंदराच्या भ्रूणीय मूलपेशींवर. पीआरसी२ हे पॉलिकोम्ब प्रथिनांचं संकुल हिस्टोनवर (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ती प्रथिनं) एच३के२७एमई३ ही रासायनिक खूण चढवून जनुकं गप्प कशी ठेवतं, हा विषय. डीएनएची अक्षरं न बदलता जनुकं चालू-बंद कशी होतात, तेच एपिजेनेटिक्स. चिप-सेक (अशी खूण डीएनएवर कुठे कुठे आहे ते शोधायची पद्धत) स्वतः करते, पण डेटाचं विश्लेषण लॅबमधला एक मुलगा करून देतो. प्रथम लेखक म्हणून एक पेपर बायोआर्काइव्ह या प्रीप्रिंट साइटवर (जर्नलमध्ये छापून येण्याआधीच पेपर टाकतात ती) आहे आणि जर्नलकडे रिव्ह्यूत अडकलाय. पुढे एन्हान्सर (जनुकाला जोर देणारा डीएनएचा तुकडा) इतक्या लांबून प्रमोटरला (जनुक जिथून वाचलं जायला लागतं तो भाग) कसा चालू करतो, यावर काम करायचंय. जर्मनी, यूके, अमेरिका की इथेच? आधी फेलोशिप मिळवू की पीआयच्या (लॅबप्रमुखाच्या) ग्रांटवर जाऊ? नवरा हिंजवडीत आयटीत आहे, तोही येईल. घरचे विचारतात, "अजून किती शिकणार?" त्यावर उत्तर असेल तर तेही द्या.

फ्रायबुर्गकर:
अभिनंदन! देश मागाहून ठरवा, आधी प्रश्न नीट आवळा. "एन्हान्सर कसा काम करतो" एवढंच लिहिलं तर पीआय पुढचं वाचणार नाही. तुमच्याच पेशींमधलं एक उदाहरण घ्या. २०२२ मध्ये एमआयटीतल्या अँडर्स हॅन्सन यांच्या गटाने जिवंत मूलपेशींत सीटीसीएफ या प्रथिनाने धरलेला डीएनएचा एक लूप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. तो पूर्ण जुळलेला असतो जेमतेम ३ ते साडेसहा टक्के वेळ, आणि जुळला की १० ते ३० मिनिटं टिकतो. स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला एफएमआय या संशोधन संस्थेत लुका जॉर्जेटी यांच्या गटाचं त्याच वर्षीचं कामही याच अंगाने जाणारं. त्याआधी २०१९ मध्ये एडिनबरोच्या वेंडी बिकमोर यांच्या गटाला दिसलं होतं की सॉनिक हेजहॉग जनुक चालू होताना त्याचा एन्हान्सर जवळ यायच्या ऐवजी लांब सरकतो! म्हणजे पाठ्यपुस्तकातली ती एन्हान्सर प्रमोटरला चिकटलेला दाखवणारी आकृती पुरेशी नाही. यातला कुठला धागा तुम्हाला छळतो ते ठरलं की लॅबची यादी आपोआप पाचसहावर येते.

आमच्याकडचं, जर्मनीतल्या फ्रायबुर्गचं, सांगायचं तर इथली माक्स प्लांक संस्था नावानेच एपिजेनेटिक्सची आहे. असिफा अख्तर इथे संचालक आहेत. नर फळमाशीला एक्स गुणसूत्र एकच, मग त्यावरची जनुकं दुप्पट जोमाने कशी चालतात, हे त्यांचं मुख्य काम. पगार सहसा जर्मन सरकारी वेतनाच्या ई१३ श्रेणीला धरून असतो, त्यात दोघांचं नीट भागतं. पण एकाच संस्थेत एका मजल्यावर सुखी आणि खालच्या मजल्यावर रडकुंडीला आलेले पोस्टडॉक मी पाहिलेत. त्यामुळे संस्थेच्या नावावर भाळू नका. गेल्या काही वर्षांत त्या लॅबमधून बाहेर पडलेल्या दोघातिघांना गाठा आणि एकच विचारा: जाताना प्रकल्प सोबत नेऊ दिला का? बाकीची उत्तरं त्यातच मिळतात.

नीलमोहर:
फेलोशिपबद्दल. एम्बो या युरोपीय संस्थेच्या फेलोशिपला पीएचडीनंतर दोनच वर्षांत अर्ज करावा लागतो, तेव्हा घड्याळ चालू झालंच म्हणून समजा. निदान एक प्रथम-लेखक पेपर लागतो. तुमचा प्रीप्रिंट चालेल का ते त्यांच्या नियमात आधी बघा. मारी क्युरी या युरोपीय संघाच्या फेलोशिपला पीएचडीनंतर आठ वर्षांपर्यंत मुभा आहे. अट एवढीच की ज्या देशात जायचं तिथे मागच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नको. म्हणजे आधी जर्मनीत जाऊन दीड वर्ष पीआयच्या पैशावर काढलंत, तर जर्मनीसाठी मारी क्युरीचं दार बंद. हे बऱ्याच जणांच्या फार उशिरा लक्षात येतं. एचएफएसपी ही आंतरराष्ट्रीय फेलोशिप तीन वर्षांची, पण त्यांना दिशा बदललेली हवी असते. पीआरसी२ वरून पुन्हा पीआरसी२ वर जाणाऱ्याला ते उभं करत नाहीत. तुम्ही सूक्ष्मदर्शकाकडे वळणार असाल तर मात्र जरूर भरा.

माझं मत: पीआयचा होकार घ्या, त्याच्या ग्रांटवर जागा पक्की करा आणि जायच्या आधीच फेलोशिपचा अर्ज टाका. नुसत्या फेलोशिपच्या भरवशावर वर्ष घालवू नका.

बोरीबंदर:
अमेरिका कुणी काढलीच नाही म्हणून. २०२५ पासून एनआयएचच्या (अमेरिकी सरकारची आरोग्य-संशोधनाला पैसे देणारी संस्था) ग्रांटा किती अनिश्चित झाल्यात ते सगळ्यांना माहीतच आहे. तरी जायचं असेल तर एनआयएच रिपोर्टर या साइटवर पीआयचं नाव टाका, त्याची ग्रांट कधी संपते ते सरळ दिसतं. संपत आली असेल तर मुलाखतीत न लाजता विचारा. के९९ ही पोस्टडॉकसाठीची एनआयएचची ग्रांट परदेशी नागरिकांनाही भरता येते, पण पोस्टडॉकची चार वर्षं उलटायच्या आत.

सटरफटर:
अवांतर विचारतो, रागावू नका. एपिजेनेटिक्स म्हणजे ते गर्भसंस्कारवाले सांगतात तेच ना?

कोशिका:
@सटरफटर, नाही हो. :) ते लोक डच दुष्काळाचा दाखला देतात. १९४४-४५च्या त्या उपासमारीत ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्या आयजीएफ२ जनुकाजवळचं मिथिलेशन (डीएनएवरची मिथाइल गटांची खूण) साठ वर्षांनीही थोडं कमी आढळलं, इतकंच. आईच्या पोटात अन्न नव्हतं, त्याची ती खूण. श्लोक ऐकवल्याने अमुक होतं असं त्यातून निघत नाही.

खारघरकरीण:
सगळे बाहेरचंच सांगताहेत म्हणून इथली बाजू. बंगळुरूच्या एनसीबीएस या संस्थेत डिंपल नोतानी यांची लॅब एन्हान्सरवरच आहे. हैदराबादला सीसीएमबी या संस्थेत क्रोमॅटिनवरच्या (डीएनए आणि हिस्टोनची गुंडाळी) कामाची जुनी परंपरा आहे. रिसर्च असोसिएटला (इथल्या पोस्टडॉकला) २०२३ पासून महिना ५८ हजारांपासून पुढे आणि वर घरभाडं. स्वतःचा प्रकल्प घेऊन इंडिया अलायन्सची अर्ली करिअर फेलोशिप मिळाली तर पाच वर्षं कुणाच्या हाताखाली नसल्यासारखी जातात. त्रास एकच, चिपला लागणारी अँटिबॉडी. बाहेरून मागवायची, ती वाटेत अडकायची आणि तोवर प्रयोग थंड. शिवाय प्राध्यापकपदाच्या मुलाखतीत "बाहेरचा अनुभव?" हा प्रश्न येतोच. मला तो अन्यायाचा वाटतो, पण येतो.

फ्रायबुर्गकर:
एक राहिलंच. ते विश्लेषण "लॅबमधला मुलगा करून देतो" हे वाक्य अर्जात येता कामा नये. या क्षेत्रात आज स्वतःचा डेटा स्वतः न बघणाऱ्याला मागणी कमी. लिनक्स आणि आर ही प्रोग्रॅमिंग भाषा शिका. बोटाय२ या प्रोग्रॅमने अलाइन करा (वाचलेले तुकडे जीनोमवर जागच्या जागी बसवा), मॅक्सने पीक (खूण दाट असलेल्या जागा) काढा, डीपटूल्सने चित्रं बनवा (हे आमच्याच संस्थेतून आलेलं). आधी फास्टक्यूसी लावून दर्जा तपासा. जीईओ या खुल्या डेटाबेसवर मूलपेशींचा हवा तेवढा डेटा फुकट पडलाय. त्यातला एखादा घेऊन प्रकाशित आकृती पुन्हा उभी करा. जुळली नाही तर का नाही, ते शोधताना जे शिकाल ते कुठल्या कोर्सात नाही.

आणि कट-अँड-टॅग ही चिपच्याच कामाची नवी पद्धत करून पाहा. चिपपेक्षा खूपच कमी पेशी लागतात. फक्त धुण्यात मीठ कमी पडलं तर टीएन५ हे त्यातलं डीएनए कापणारं एन्झाइम उघड्या क्रोमॅटिनमध्ये घुसतं आणि एच३के२७एमई३च्या डेटात नको तिथे पीक दिसू लागतात. मुलाखतीत हे विचारलेलं ऐकलंय.

कोशिका:
सगळ्यांचे मनापासून आभार. बाझेल आणि एडिनबरोला लिहिते, एनसीबीएसलाही. ईमेल कशी असावी? आणि जर्मनीत गेलोच तर नवऱ्याचं काय?

नीलमोहर:
"रिस्पेक्टेड सर" नको. "तुमचं काम वाचून भारावले" तर अजिबात नको. पहिल्या दोन वाक्यांत त्यांच्या कुठल्या निष्कर्षावर तुमचा प्रश्न उभा आहे ते, पुढच्या तीनचारात तुम्ही काय करून पाहाल ते. सीव्ही आणि प्रीप्रिंट जोडा, शिफारस देणाऱ्यांची नावं द्या. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा. पीआय मंडळी खरंच विसरतात.

फ्रायबुर्गकर:
संशोधकाच्या परवान्यावर आलात तर जोडीदाराला इथे नोकरी करता येते, व्हिसासाठी जर्मनची परीक्षाही लागत नाही. पण पुण्याच्या कंपनीचं काम इथे बसून करायचं म्हणजे कर आणि सामाजिक विम्याचं लचांड. त्यांच्या एचआरला तिकीट काढायच्या आधी लेखी विचारून घ्या. घराचं व्यनित (व्यक्तिगत निरोपात) सांगतो, इथे भाड्याने जागा मिळणं हा वेगळाच प्रबंध आहे.