'इस्केमिया' आणि 'रिकव्हरी' : उंदरांच्या पायावरच्या प्रयोगांसाठी मराठी शब्द

प्रश्न (निपाणी): तंबाखूमुळे पायाच्या रक्तवाहिन्या बंद होतात, त्यावर आमच्या भागातल्या वाचकांसाठी लिहितोय. त्यात उंदरांवरचे प्रयोग येतात. 'हाइंडलिंब इस्केमिया'ला 'मागच्या पायाची रक्ताल्पता' आणि 'रिकव्हरी'ला 'पूर्ववत होणे' चालेल का?

उत्तर (बेळगाव): 'रक्ताल्पता' नको. तो ॲनिमिया. इथं रक्त चांगलं असतं, पायापर्यंत पोचत नाही. 'रक्तपुरवठा तुटणे' लिहा. प्रयोगात खरंच तेच करतात: भूल देऊन जांघेत छोटा छेद घेतात, फेमोरल (मांडीची मुख्य) धमनी शीर आणि मज्जातंतूपासून सोडवतात आणि 6-0 किंवा 7-0 मापाच्या, फार बारीक रेशमी धाग्यानं बांधतात. एकाच जागी गाठ मारली तर प्रवाह लवकर सावरतो. दोन गाठींमधला तुकडा फांद्यांसह काढला तर इजा मोठी. म्हणून नुसतं 'धमनी बांधली' पुरत नाही, कुठं आणि किती ते लिहा. शेजारची शीर फार पातळ, ती फाटली तर रक्तस्राव होतो. मज्जातंतू दुखावला तर उंदीर त्यामुळंच लंगडतो, आणि दोष रक्तपुरवठ्यावर जातो.

उत्तर (खानापूर): 'पूर्ववत'ला माझा ठाम विरोध आहे. बांधलेली धमनी बांधलेलीच राहते. मांडीतल्या आधीच असलेल्या बारीक आडवाटा, त्यांतून रक्ताचा जोर वाढल्यानं, रुंद होतात. पोटरीत ऑक्सिजन कमी पडल्यानं नव्या केशवाहिन्या फुटतात. या दोन क्रिया वेगळ्या आहेत. पहिलीला 'जोडवाहिन्या रुंदावणे', दुसरीला 'नव्या केशवाहिन्या फुटणे' म्हणा. दोन्हींना 'नवीन रक्तवाहिन्या' म्हटलं की घोटाळा झालाच. सी57बीएल/6 जातीच्या उंदरात जोडवाहिन्या भरपूर, बाल्ब/सीमध्ये कमी. म्हणून तीच शस्त्रक्रिया करूनही बाल्ब/सीचा पंजा काळा पडू शकतो.

प्रश्न (निपाणी): मग लेझर डॉपलरचा (लेझरनं रक्ताचा प्रवाह मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा 0.7 आला, तर 'पाय 70 टक्के बरा' लिहू?

उत्तर (बेळगाव): नको. ते बाधित पायाचं चांगल्या पायाशी गुणोत्तर आहे. यंत्र कातडीजवळचाच प्रवाह पाहतं, पोटरीच्या खोल स्नायूतला नाही. अंग 37 अंशांवर ठेवलं नाही किंवा केस नीट काढले नाहीत तर आकडा बिघडतो. 'प्रवाहाचं गुणोत्तर 0.7' असंच लिहा. चाल आणि स्नायूंची ताकद वेगळी मोजतात.

आणि एक वाक्य घालाच: उंदराची धमनी क्षणात बंद केली जाते, बिडी ओढणाऱ्याची वर्षानुवर्षं बंद होत जाते. हळूहळू बंद करायची तर धमनीभोवती केसिनचं (दुधातल्या प्रथिनाचं) ॲमेरॉइड नावाचं कडं बसवतात. ते ओलावा शोषून फुगतं आणि आतली वाट आवळत जाते.