अनुभव धागा: 'ठाण्याला पोचवायला हवं!'

ठाण्यात राहतो म्हटलं की बाहेरगावचा एखादा तरी डोळे मिचकावतो, "सुटलात कधी?" १९०१ सालापासून इथे मनोरुग्णालय आहे, आणि हा विनोदही तेवढाच जुना असावा. मीसुद्धा हसायचो. दादाला स्किझोफ्रेनिया आहे हे कळलं त्या दिवसापासून हसू येईना. आठ वर्षं आम्ही पाहुण्यांना 'तो नागपूरला नोकरीला असतो' असं सांगत होतो. तो आतल्या खोलीत असायचा. आता सांगतो, सरळ नाव घेऊन. तुमच्या घरात हे कसं झालं, लिहा. सल्ले नकोत.

जास्वंद, नेरुळ
डिप्रेशनच्या गोळ्या मी थायरॉइडच्या बाटलीत लपवायचे. सासूबाईंच्या हाती लागल्या. "कसल्या गं?" खोटं बोलायचा कंटाळा आला होता, सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "जेवून घेतेस ना?" आणि बाटली स्वतःच्या बीपीच्या गोळ्यांशेजारी, फ्रिजवर ठेवली. गुण यायला दोनतीन आठवडे लागले, तोवर त्यांनी एकदाही 'बरं वाटतंय का' विचारलं नाही. फक्त "घेतलीस?" एवढंच. (मावशींना मात्र फोनवर 'तिला अशक्तपणा आहे' सांगितलं. असो. सगळं एका दमात होत नाही.)

विंडोसीट, ठाणे पूर्व
माझं उलटं. पनवेल लोकलमध्ये छातीत धडधड, हातपाय गार, रबाळ्यालाच उतरलो. ईसीजी नॉर्मल. डॉक्टर म्हणाले पॅनिक अटॅक. साहेबांना खरं कारण सांगितलं तर "एवढ्या पगारात कसलं टेन्शन?" पुढच्या महिन्यात प्रोजेक्टवरून काढलं. पुढच्या नोकरीत सांगेन का? माहीत नाही. घरी बायकोला सांगितलं, तेवढं पुरतं.

निनावी, कळवा
रात्री दोनला १४४१६ लावला. टेली-मानस, मानसिक त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, फुकट. मराठीत बोलता आलं. जास्त लिहीत नाही.

आबा, घोडबंदर रोड
मुलीला बायपोलर आहे, कधी टोकाचा उत्साह, कधी टोकाची उदासी. लिथियमच्या गोळ्या चालू, म्हणून अधूनमधून रक्त तपासावं लागतं. मेडिक्लेमचा एजंट म्हणाला, "काका, मानसिक लिहू नका." २०१७ च्या मानसिक आरोग्याच्या कायद्यात शारीरिक आजाराइतकाच विमा मानसिक आजारालाही द्यायला सांगितलंय, हे मुलीनेच त्याला वाचून दाखवलं. मी गप्प बसलो होतो. खरं सांगायचं तर मलाही लिहायचं नव्हतं. फॉर्म तिने भरला, रकान्यात मोठ्या अक्षरात.

जास्वंद, नेरुळ
@आबा, मंजूर झाला का?

आबा, घोडबंदर रोड
अजून हेलपाटे चालू आहेत.

धागाकर्ता
दादाने आत्ता हे सगळं माझ्या मोबाइलवर वाचलं. म्हणाला, "आठ नाही, नऊ वर्षं. आणि नागपूर नाही, बडोदा सांगत होतात. भिंत पातळ आहे आपली."