मास्टोडॉन सर्व्हर वर्गणीवर चालवायचा तर हिशेब कसा बसवावा?

निळापारवा (धागाकर्ता)
मराठी मंडळींचा मास्टोडॉन सर्व्हर आहे (मास्टोडॉन म्हणजे ट्विटरसारखंच, पण एकमेकांशी जोडलेल्या वेगवेगळ्या लोकांच्या सर्व्हरांवर चालणारं समाजमाध्यम). खाती ३००, महिन्यातून एकदा तरी डोकावणारी ११०. जाहिराती नकोत हे ठरलंय. महिन्याचा खर्च: ८ जीबी रॅमचं भाड्याचं मशीन १६००, फोटो-व्हिडिओंचं ऑब्जेक्ट स्टोरेज (भाड्याची साठवणूक) १४०० (हे वाढतच चाललंय), बॅकअप ३००, ईमेल पाठवायची सेवा २००. एकूण ३५०० रुपये, सगळे एकाच्याच कार्डावरून जातात. वर्गणी किती ठेवावी, कशी घ्यावी, कोणाच्या नावावर? बरेच सभासद अमेरिकेत आणि दुबईत आहेत. त्यांचे पैसे चालतील का?

रांगेतला_सिडकिक
वर्गणीचं नंतर बघू, आधी ते १४०० खाली आणा. ११० माणसांचे स्वतःचे फोटो एवढी जागा खात नाहीत. तुमचे लोक बाहेरच्या ज्या खात्यांना फॉलो करतात, त्यांच्या फोटोंच्या प्रती तुमच्याकडे उतरतात आणि मुदत घातली नसेल तर पडून राहतात. ॲडमिनच्या सेटिंगमध्ये मीडिया कॅशेची मुदत ७ दिवस करा. आधीचा साठा टूटसीटीएलच्या (मास्टोडॉन सांभाळायच्या आज्ञांचं साधन) ‘मीडिया रिमूव्ह’ने काढा. लिंकांसोबत येणाऱ्या चित्रांना ‘प्रीव्ह्यू कार्ड्स रिमूव्ह’ ही वेगळी आज्ञा आहे, ती हमखास राहते. पुसलेला फोटो कोणी पुन्हा उघडला तर मूळ सर्व्हरवरून परत उतरतो, त्यामुळे भ्यायचं कारण नाही.

भ्यायचं ते त्याच पानावरच्या ‘कंटेंट कॅशे’च्या रकान्याला. तिथे चुकून ७ भरलेत तर बाहेरच्या पोस्टच उडतात, त्यांच्यासोबत तुमच्या लोकांचे बुकमार्क, लाइक आणि बूस्टही (पुढे पाठवलेल्या पोस्ट) जातात. ते परत आणता येत नाहीत. तो रकाना रिकामाच ठेवा.

रिले (अनेक सर्व्हरांच्या पोस्ट सगळ्यांना वाटणारी सेवा) जोडला असेल तर तोडा. कोणीही फॉलो न केलेल्या पोस्टांचा लोंढा येतो, सिडकिकच्या (मास्टोडॉनची कामं मागे उरकणारा भाग) रांगा तुंबतात आणि मग मशीन कमी पडतंय असं वाटून लोक मोठं मशीन घेतात.

जमाखर्च
वरच्याशी सहमत. स्टोरेज ४०० वर आलं असं धरतो. म्हणजे महिना २५००, वर्षाला ३०,०००. त्यात दोन गोष्टी घाला. एक, ३ महिन्यांची गंगाजळी, ७५००. मास्टोडॉनच्या अधिकृत यादीत राहायचं तर बंद करण्याआधी किमान ३ महिने सूचना द्यावी लागते, आणि त्या ३ महिन्यांत नवी वर्गणी कोणी देत नाही. दोन, डोमेनचं ५ वर्षांचं नूतनीकरण एकदम, अंदाजे ५०००. मास्टोडॉनमध्ये डोमेन नंतर बदलता येत नाही. ते गेलं की सर्व्हर चालू असून नसल्यासारखा. २०२४ च्या फेब्रुवारीत क्वीअर डॉट एएफ हा मास्टोडॉन सर्व्हर असाच गेला, अफगाणिस्तानच्या सत्ताधाऱ्यांनी डोमेनच काढून घेतलं. देशाच्या नावाची गोंडस डोमेनं म्हणून टाळावीत.

पहिल्या वर्षाला ४२,५०० हवेत. एकच दर ठेवू नका. १५ जण ६००, १२ जण १२००, ८ जण २४०० असे आले की ४२,६०० होतात. म्हणजे ११० पैकी ३५ जणांनी द्यायला हवं, आणि हे आशावादी आहे. तेवढे आले नाहीत तर देणाऱ्यांची वर्गणी वाढवत बसण्यापेक्षा ४ जीबीच्या मशीनवर उतरा. मास्टोडॉन सोर्सवरून (मूळ कोडवरून) बसवलं असेल तर अपडेटच्या वेळी असेट (पानांच्या फाइली) तयार होताना मेमरी संपून काम मध्येच मरतं, म्हणून ४ जीबी स्वॅप (डिस्कवरची जादा मेमरी) ठेवा.

वर्गणी वार्षिकच घ्या, यूपीआयच्या क्यूआरवर. मासिक ऑटोपेत (आपोआप पैसे कापले जाण्याच्या सोयीत) कापणीच्या २४ तास आधी सूचना जाते आणि दर महिन्याला माणूस ‘हे हवंय का’ असा विचार करतो. परदेशी साइटवरच्या मासिक वर्गण्यांचा तर १ ऑक्टोबर २०२१ पासून, रिझर्व्ह बँकेचे ई-मॅन्डेटचे (आपोआप कापणीच्या परवानगीचे) नियम लागू झाल्यावर, भारतीय कार्डांशी मेळच बसेना.

नावाचा प्रश्न अवघड आहे. वैयक्तिक खात्यात नातेवाईक नसलेल्यांकडून भेटीदाखल वर्षाला ५०,००० च्या वर जमले तर वरचे तेवढेच नाही, सगळेच करपात्र होतात. संस्था काढायची तर ७ सभासद, शिवाय महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही नोंदणी आणि दरवर्षी धर्मादाय कार्यालयात हिशेब. चाळीस हजारांच्या उलाढालीला हे जड आहे, सीएची फीच मोठा लचका तोडेल. माझं मत: तूर्तास दोघांच्या नावे वेगळं बचत खातं आणि सर्वांना दिसणारी जमाखर्चाची शीट. वर्षाला लाखाच्या पुढे जायची चिन्हं दिसली की मग संस्था.

पासपोर्ट_निळा
परदेशी पैशांबद्दल. माणूस कुठे राहतो याला महत्त्व नाही, पासपोर्ट कोणता आहे त्याला आहे. दुबईतला भारतीय पासपोर्टवाला स्वतःच्या कमाईतून रीतसर बँकेमार्फत देत असेल तर ती एफसीआरएखाली (विदेशी देणग्यांचा कायदा) विदेशी देणगी धरत नाहीत. न्यू जर्सीतला ओसीआयवाला (परदेशी नागरिकत्व घेतलेला भारतीय वंशाचा माणूस) मात्र विदेशी स्रोत, मग तो सदाशिव पेठेत जन्मलेला का असेना. एफसीआरए नोंदणीला संस्था ३ वर्षं जुनी लागते, त्या काळात १५ लाख खर्च झालेले लागतात, आणि खातं दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत. तुमच्या आकाराला हा विषय इथेच संपला. फॉर्मवर नागरिकत्वाचा प्रश्न ठेवा आणि ओसीआयवाल्यांना नम्रपणे नाही म्हणा.

निळापारवा
स्टोरेजचं आजच करतो. आमच्या तीन मॉडरेटरना (पोस्ट आणि तक्रारी बघणाऱ्यांना) मानधन द्यावं का? आणि अनुदानं मिळतात म्हणे?

जमाखर्च
अनुदानाच्या मागे लागू नका. एनएलनेटसारख्या संस्था ५,००० ते ५०,००० युरो देतात, पण सॉफ्टवेअर लिहायला. होस्टिंगचं बिल त्यात बसत नाही. आणि मोठा पाठीराखा म्हणजे शाश्वती नाही. मोझिलाने स्वतःचा मास्टोडॉन सर्व्हर १७ डिसेंबर २०२४ ला बंद केला. वर्गणीवरचं टिकलेलं उदाहरण सोशल डॉट कूप या मास्टोडॉन सर्व्हरचं. २०१७ पासूनची सहकारी संस्था आहे, सभासद ऐपतीप्रमाणे महिन्याला १ ते १० पौंड देतात, निर्णय मतदानाने होतात, जमाखर्च उघडा. देणाऱ्याला मत मिळतं म्हणून तो पुढच्या वर्षीही देतो.

मानधन: तिघांपैकी एकालाच दिलंत तर उरलेले दोघं सुटले म्हणून समजा. द्यायचं तर तिघांना सारखं, थोडं का होईना. आयटी नियम २०२१ प्रमाणे तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क जाहीर करावा लागतो. ज्याचं नाव जाणार त्याला तरी फुकटात राबवू नका.

रांगेतला_सिडकिक
एक राहिलं. बॅकअपचे ३०० भरताय ते नुसत्या डेटाबेसचे असतील तर अर्धे वाया. ‘डॉट एन्व्ह डॉट प्रॉडक्शन’ ही मास्टोडॉनच्या सेटिंगची फाइल दुसऱ्या माणसाकडे वेगळी ठेवा. मास्टोडॉनच्या ४.३ आवृत्तीपासून एन्क्रिप्शनच्या किल्ल्या तिथेच असतात. आणि महिन्यातून एकदा तो बॅकअप रिकाम्या मशीनवर उतरवून बघा. तासाच्या भाड्याचं मशीन घेतलंत तर वीस-तीस रुपयांत काम होतं.