मदत हवी आहे: वेबकॉमिकमधली मराठी अक्षरं तुटतायत, भाग आज रात्री टाकायचाय

रेघोटी
नमस्कार. मी वेबकॉमिक काढते, दर रविवारी एक भाग. या वेळी गोष्ट नाही, माझी ओळख आणि वाचकांनी पाठवलेल्या २३ प्रश्नांची उत्तरं असा भाग आहे. संवाद नेहमी हातानेच लिहिते, पण यात मजकूर फार आहे म्हणून पहिल्यांदाच टाइप केला आणि सगळं बिघडलं. 'प्रश्न' लिहिलं की 'प् रश् न' दिसतं. 'मिळालं'मधली वेलांटी म सोडून ळ ला चिकटते. तीन फॉन्ट बदलले, फरक शून्य. रात्री ९ ला टाकायचंय. लवकर सांगा!

वेलांटी
कशात टाइप केलंय? आवृत्ती कोणती? संगणक की टॅब? फॉन्ट कोणते? हे कळल्याशिवाय नुसता अंदाज होईल.

खिळेजुळारी
श्रीलिपी ही जुन्या पद्धतीची मराठी फॉन्ट-प्रणाली वापरा. त्यात अर्धी अक्षरं, मात्रा आणि नेहमीची जोडाक्षरं यांना स्वतःची जागा असते, त्यामुळे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये अक्षर तुटत नाही.

वेलांटी
तुटत नाही हे खरं. पण तिने युनिकोडमध्ये, म्हणजे फोन-संगणकावर हल्ली सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत, टाइप केलं असणार. तो मजकूर आधी रूपांतरित करावा लागेल आणि नंतर र्‍या, रफार, ॲ यांच्या चुका एकेक करून शोधाव्या लागतील. हाच मजकूर खाली पोस्टच्या वर्णनात चिकटवायचा म्हटलं तर पुन्हा उलटं रूपांतर. एका संध्याकाळचं काम नाही ते.

खिळेजुळारी
छपाईत अजूनही चालतं. पुढे पुस्तक काढायचं असेल तर उपयोगी पडेल.

रेघोटी
सॉरी, फोटोशॉप. दादाच्या लॅपटॉपवर, विंडोज, आवृत्ती २०१९ ची. फॉन्ट कलम, मुक्ता आणि नोटो. आणि अहो-जाहो नको प्लीज, मी १९ वर्षांची आहे.

वेलांटी
मग फॉन्टचा दोष नाही, तिन्ही चांगले आहेत. युनिकोडमध्ये 'मि' म्हणजे आधी म, मग वेलांटी. वेलांटी म च्या डावीकडे नेणं, प आणि र जोडून 'प्र' करणं हे काम फॉन्टमधले नियम वाचून मजकुराचं इंजिन करतं. तुझ्याकडे इंग्रजी-जपानीसाठीचं इंजिन चालू आहे, ते हे नियम वाचत नाही. म्हणून फॉन्ट कितीही बदललेस तरी अक्षरं तुटणारच.

एडिट, प्रेफरन्सेस, टाइप इथे जा. मजकूर इंजिनाच्या पर्यायात 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवड. काही आवृत्त्यांत त्याच जागी 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' असं लिहिलेलं असतं. फोटोशॉप बंद करून पुन्हा उघड.

बहुतेक जण इथेच थांबतात आणि 'तरी होत नाही' म्हणतात. जुन्या लेयरना (चित्रातल्या थरांना) नवं इंजिन आपोआप लागत नाही. प्रत्येक मजकूर लेयर निवड, पॅराग्राफ पॅनेलच्या कोपऱ्यातला छोटा मेनू उघड आणि तिथेही 'वर्ल्ड-रेडी लेआउट'वर खूण कर. लेयर रास्टराइझ केले असशील तर ते आता चित्रच झालेत, पुन्हा टाइप करावे लागतील.

शाईदौत
हे सगळं करण्यापेक्षा हातानेच लिही. वाचकांना तुझं अक्षर ओळखीचं आहे आणि ओळखीच्या भागातच ते नसेल तर चुकल्यासारखं वाटेल. वेगळ्या लेयरवर शिरोरेषांच्या आडव्या रेघा मारून घे. शिरोरेषा ते अक्षराचा पाया ३२ पिक्सेल ठेवलंस तर दोन शिरोरेषांमधलं अंतर किमान ६४ हवं. नाहीतर वरच्या ओळीतला 'त्रू' आणि खालच्या ओळीतली 'र्की' एकमेकांत घुसतात. आधी शब्द लिही, शिरोरेषा शेवटी एका झटक्यात ओढ. ओळ सरळ राहते.

वेलांटी
२३ उत्तरं हाताने? एका उत्तरात शब्द बदलला की संवादाचा सगळा फुगा पुन्हा लिहायचा. आज नको.

शाईदौत
उत्तरं टाइप कर, प्रश्न हाताने लिही. प्रश्न एकेक ओळीचे असतात. वाचक विचारतोय आणि चित्रकार उत्तर देतेय हा फरक डोळ्याला लगेच दिसतो, रंगीत चौकटीही लागत नाहीत.

वेलांटी
हे मात्र पटलं.

आडवी_चौकट
टाकणार कुठे आहेस? माप काय घेतलंस?

रेघोटी
इन्स्टाग्राम. १०८० बाय १३५०. एका पानावर एक प्रश्न, शिवाय सुरुवातीला ओळखीचं एक पान.

आडवी_चौकट
म्हणजे २४ पानं. एका पोस्टमध्ये २० च बसतात. चार पानं आताच कमी कर, नाहीतर नऊला कळेल. 'कुठलं पेन', 'कुठला कागद', 'कुठला ब्रश' असले प्रश्न एका पानावर एकत्र घे. साधनांचं चित्र काढून बाणाने नावं दिलीस तर शब्दही वाचतात.

अक्षराचा आकार ४० पिक्सेलच्या खाली नेऊ नकोस. फोनवर १०८० ची रुंदी साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येते, म्हणजे ४० चं अक्षर १४ च्या आसपास दिसतं. ओळींमधलं अंतर आकाराच्या दीडपट, म्हणजे ६०. एका फुग्यात ३५-४० शब्दांच्या वर गेलं की लोक पुढचं पान सरकवतात.

पहिल्या पानाचं अजून एक. प्रोफाइलच्या जाळीत चित्र आता ३:४ मध्ये दिसतं, त्यामुळे तुझ्या मापात डावी-उजवीकडून ३३-३४ पिक्सेल कापले जातात. तुझं नाव आणि चेहरा कडेपासून ६० आत ठेव.

खिळेजुळारी
फुग्यात मजकूर बसत नसेल तर अक्षरांमधलं अंतर थोडं कमी करा.

वेलांटी
अजिबात नको. ट्रॅकिंग शून्यच ठेव. देवनागरीत ते वाढवलं की शिरोरेषेला फटी पडतात, कमी केलं की काने एकमेकांवर चढतात. बसत नसेल तर फुगा रुंद कर किंवा वाक्य छाट. मराठी शब्द लांब असतात, गोल फुग्यात मधे तोडावे लागतात. आडवा लंबगोल घे, मधली ओळ लांब, वरची-खालची आखूड. जोर द्यायचा तर कलमचं खरं बोल्ड वापर. फोटोशॉपच्या 'फो बोल्ड'ने (Faux Bold, म्हणजे साधंच अक्षर कृत्रिमपणे जाड करणं) अक्षरांची पोटं भरून जातात.

दंडयुक्त_श
नोटोमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे दिसतील. २००९ च्या शासननिर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श दिलेत. कॅरेक्टर पॅनेलमध्ये भाषा मराठी करता आली तर काही फॉन्ट रूप आपोआप बदलतात. मराठी कॉमिकमध्ये मराठी ल दिसावा असं मला मनापासून वाटतं.

आडवी_चौकट
मान्य, पण ते पुढच्या भागासाठी. तिच्याकडे तीन तास आहेत.

कायदा_कट्टा
प्रत्येक पानावर सही टाक. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्र काढताक्षणी हक्क तुझा होतो, नोंदणी सक्तीची नाही. करायचीच असेल तर कलाकृतीसाठी ५०० रुपये शुल्क आहे.

आडवी_चौकट
हे तिने विचारलेलं नाही. मात्र प्रश्नांसोबत वाचकांची नावं छापणार असशील तर त्यांना आधी विचार. उत्तर आलं नाही तर नुसतं आद्याक्षर टाक.

रेघोटी
झालं!! इंजिन बदललं, पॅराग्राफवाली खूणही केली, 'प्रश्न' नीट दिसतोय. पानं १९ वर आणली. प्रश्न हाताने लिहितेय. फक्त 'दुसऱ्या' अजून चुकतंय, य वर रफार येतो, 'दुसर्या' असं.

वेलांटी
तो टाइपिंगचा भाग. तू साधा र, हलन्त, य असं टाइप केलंस, त्याचा रफारच होणार. खाली टिंब असलेला ऱ घे, मग हलन्त, मग य. कीबोर्डवर सापडत नसेल तर इथून उचल: ऱ्या. 'वाऱ्यावर', 'तऱ्हा', 'बिचाऱ्या' सगळीकडे हेच. शोधा-बदला वापरू नकोस, 'सूर्या' आणि 'आर्या'मधले खरे रफारही बदलतील.

रेघोटी
सात ठिकाणी होतं, सगळे हाताने बदलले. आता निर्यात करते. जेपीजी की पीएनजी?

आडवी_चौकट
सपाट रंग आणि बारीक अक्षरं आहेत, पीएनजी. रंग एसआरजीबीत, म्हणजे पडद्यासाठीच्या रंगपद्धतीत. फाइल सीएमवायकेत (छपाईच्या रंगपद्धतीत) असेल तर आधी बदल, नाहीतर रंग मलूल दिसतील. टाकण्याआधी एक पान स्वतःच्या फोनवर पाठवून हातभर अंतरावरून वाचून बघ.