सॉफ्टवेअर तयार आहे. विक्री जाणणारा भागीदार कुठे शोधावा?

प्रश्न (घणसोली)
मी घरून नोकरी करणारा प्रोग्रामर असून, वाशीच्या बाजार समितीतील आडत्यांसाठी शेतकऱ्याची पट्टी (त्याच्या मालाच्या विक्रीचा हिशेब), हमाली-तोलाईची वजावट आणि खरेदीदारांची उधारी एकत्र सांभाळणारे सॉफ्टवेअर फावल्या वेळात तयार केले आहे. विकणे मात्र मला जमत नाही आणि माझ्या ओळखी सगळ्या प्रोग्रामरांशीच आहेत. विक्री व वसुली पाहणारा भागीदार कसा शोधावा आणि त्याला किती हिस्सा द्यावा?

उत्तर (वाशी)
स्टार्टअपच्या मेळाव्यांत आपल्याला असा माणूस भेटेल असे मला वाटत नाही. भाजीपाला बाजार पहाटेच गजबजतो, त्यामुळे नोकरीची वेळ सांभाळूनही आपल्याला तिथे जाता येईल. या गाळ्यांना वर्षानुवर्षे वजनकाटे किंवा बारदान पुरवणारा, कोणता शेठ नव्या वस्तूसाठी पैसे मोजतो आणि कोणता नुसता चहा पाजून वाटेला लावतो हे ओळखणारा माणूस शोधावा. भागीदारीचा विषय लगेच काढू नये. आधी कमिशनवर दोन-तीन गाळ्यांत विक्री करू द्यावी आणि पैसे खरोखर खात्यात येतात का, ते पाहावे.

उत्तर (ठाणे, वागळे इस्टेट)
कमिशनची कल्पना योग्य आहे, पण हिश्श्याचे लेखी ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नये. एलएलपी (मर्यादित दायित्व भागीदारी) स्थापन करून करारात नफ्याची वाटणी लिहिली नाही, तर २००८ च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीनुसार ती समसमान धरली जाते. निम्मा हिस्सा देण्यासही हरकत नाही; मात्र तो चार वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळावा आणि वर्षाच्या आत सोडून जाणाऱ्यास काहीच मिळू नये. त्याआधी आपले नियुक्तिपत्र वाचावे, कारण नोकरीत असताना लिहिलेल्या कोडवर कंपनी हक्क सांगू शकते.

प्रश्नकर्ता
नियुक्तिपत्रात जोडधंद्यासाठी लेखी परवानगीची अट आहे. तसा अर्ज करतो. एका गाळ्यावर विचारले असता, पट्ट्या लिहिणाऱ्या मेहताजींनीच सॉफ्टवेअरला विरोध केला.

उत्तर (वाशी)
ते स्वाभाविक आहे, त्यांना स्वतःच्या नोकरीची काळजी वाटते. उधारीची यादी त्यांच्याच मोबाइलवर दिसेल अशी सोय करून द्या. शेठ खरेदीचा निर्णय बहुधा त्यांनाच विचारून घेतात, त्यामुळे आपल्या भावी भागीदाराचे मेहताजींशी कसे जमते, हेही त्या दोन-तीन गाळ्यांतच कळेल.