प्लास्टिकमधली थॅलेट्स मोजायला अजून सॉक्सलेटच हवं का?

रसायनी:
सात वर्षं प्लास्टिकच्या नमुन्यांत थॅलेट्स (प्लास्टिक मऊ करणारी रसायनं) आणि अँटिऑक्सिडंट्स मोजतेय, तेही सॉक्सलेटने, म्हणजे सॉल्व्हंट पुन्हा पुन्हा उकळून नमुन्यातले पदार्थ काढणाऱ्या उपकरणाने. थिंबलमध्ये (नमुना ठेवायच्या सच्छिद्र नळीत) अर्धा ग्रॅम दळलेलं पीव्हीसी, फ्लास्कमध्ये 150 मिली हेक्झेन, मग सहा-आठ तास हीटर आणि कंडेन्सरचं पाणी चालू. शेवटी ते सगळं उडवून 1 मिलीवर आणायचं. सॉक्सलेटने हे उपकरण 1879 साली दुधातली चरबी मोजायला काढलं होतं! हेक्झेन मज्जातंतूंना घातक आहे. वस्तूतलं विष शोधायला आपणच बाटल्या भरून विषारी कचरा तयार करायचा, हे मला मुळीच पटत नाही.

पीव्हीसीसाठी सोपा मार्ग आहे. 50 मिलिग्रॅम नमुना 5 मिली टीएचएफ या सॉल्व्हंटमध्ये विरघळवा, 10 मिली हेक्झेन घाला. पॉलिमर पांढरा साका होऊन खाली बसतो, थॅलेट्स वर द्रवात राहतात. थर्मल डिसॉर्प्शनला (नमुना तापवून बाहेर पडणारी वाफ मोजणं) तर अर्धा मिलिग्रॅम पुरतो आणि सॉल्व्हंट लागतच नाही. रोजच्या कामातून सॉक्सलेट काढून टाकावं, असं माझं ठाम मत आहे.

जुना_विश्लेषक:
ताई, कळकळ समजते, पण विरोध नोंदवतो. टीएचएफ पीव्हीसीपुरतं ठीक. पॉलिथिन, पॉलिप्रोपिलीन त्यात विरघळत नाहीत, त्यांचं काय करणार? आणि अर्धा मिलिग्रॅम म्हणजे नखावरचा कण. पुनर्वापराच्या मालात एका दाण्यात थॅलेट असतं, शेजारच्यात नसतं. थॅलेटची कायदेशीर मर्यादा 0.1 टक्का असताना अशा एका कणावरून कुणाचा माल नापास करायचा? आयईसी 62321-8 या आंतरराष्ट्रीय चाचणी-मानकामध्येही थर्मल डिसॉर्प्शन प्राथमिक चाळणीसाठी आहे. शिवाय इर्गानॉक्स 1010 या अँटिऑक्सिडंटचं मोलर वस्तुमान जवळपास 1178. ते तापवून अखंड बाहेर येत नाही, तुकडे होतात. त्याला सॉल्व्हंटने काढून एचपीएलसीवरच (द्रवातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) न्यावं लागतं.

पॉलिमरवाला:
सॉल्व्हंटऐवजी सुपरक्रिटिकल (वायू आणि द्रव यांच्या मधल्या अवस्थेतला) कार्बन डायऑक्साइड? 31 अंश आणि 74 बारच्या वर गेलं की झालं. मागे सॉल्व्हंट उरत नाही.

जुना_विश्लेषक:
ध्रुवीय पदार्थांसाठी त्यातही मिथेनॉल घालावं लागतं. पंपाची वीज वेगळी.

रसायनी:
दाण्यांचा मुद्दा मान्य. द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून 10-20 ग्रॅम दळा, मिसळा, मग त्यातून घ्या. इर्गानॉक्सचंही मान्य, मी थॅलेट्सपुरतंच बोलतेय. पण सॉक्सलेटलाच खात्रीचं का समजता? आमचा ब्लँक (नमुना न घालता केलेल्या चाचणीचा आकडा) दोन महिने वर येत होता. हातमोजे बदलले, काच भट्टीत तापवली, काही फरक नाही. शेवटी सापडलं: दोष हेक्झेनमध्येच होता. त्यातलं किंचित डीईएचपी हे थॅलेट 150 मिलीवरून 1 मिलीवर आणताना 150 पट होत होतं. सॉल्व्हंट कमी केलं तर कचरा घटतोच, पण आकडाही स्वच्छ येतो. पर्यावरण आणि अचूकता इथे एकाच बाजूला आहेत.

जुना_विश्लेषक:
हे मात्र खरं, ब्लँकचा विचार मी केला नव्हता. तरी दळण्याचा नायट्रोजन आणि जीसीचं (गॅस क्रोमॅटोग्राफचं) हीलियम हिशेबात धरा, नुसतं सॉल्व्हंट मोजून पद्धत हिरवी ठरत नाही. आणि तुलना करायचीच तर नव्याकोऱ्या पीव्हीसीवर नको, तिथे दोन्ही पद्धती जुळणारच. पुनर्वापराचे, 0.1 टक्क्याच्या आसपासचे दाणे घ्या. दोन्ही पद्धतींनी सहा-सहा वेळा मोजा आणि विखुरणं किती येतं ते इथे टाका.

रसायनी:
तसा नमुना आहे माझ्याकडे. सोमवारी दळते.